संत हलका लागला

एर्मेते एकेचाळीस वर्षं माझ्या पुढे चालला. म्हणजे वर्षातून एकदा, संत तेरेन्झिओच्या मिरवणुकीत. डाव्या दांड्याला पहिला तो, दुसरा मी. एरवी आम्ही दोघं संगमरवराच्या खाणीत होतो. तिथंही तो आधी उचलायचा, मग बोलायचा.

सत्तरी उलटली तशी त्याची उंची कमी झाली. दांडा खांद्याला टेकला नाही की जागा सोडायची, हा आमचा नियम. गेल्या साली दारिओनं, म्हणजे मिरवणुकीच्या मुकादमानं, त्याला सांगितलं होतं, "एर्मेतेदादा, पुढच्या खेपेला टेकला नाही तर थांबावं लागेल." म्हणून यंदा त्यानं बुटांत बुचाच्या चकत्या घातल्या. हे मला सांगितलं, बायकोला नाही.

दारिओनं दांड्यावर हातोडी ठोकून इशारा दिला आणि स्वतः उजव्या दांड्याला खांदा लावला. आठ जणांनी मूर्ती उचलली. वीस पावलांवर एर्मेते थांबला.

"माझं वजन कोण घेतंय?"

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"नेल्लो, तू?"

"मी कशाला? माझं मला पुरे आहे," मी म्हणालो. ते खोटं होतं. मलाही हलकंच लागत होतं. हिवाळाभर लाकडं फोडली त्याचा गुण, असं मी समजत होतो.

"म्हातारा म्हणून दया करता? खाली ठेवा."

दारिओनं दांड्यांखाली टेकू लावले आणि एकेकाला विचारलं. मागचा तुल्लिओ मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, काल प्यायलो नाही म्हणून असेल."

"मग रोज पिऊ नकोस," दारिओ म्हणाला. पण हलकं त्यालाही लागलं होतं. संत हलका लागतो, हे पहिल्यांदा बोलायचं कोणी?

पाद्री फुल्जेन्झिओ मागून पुढे आले. "अहो, ही नक्कल आहे. आतून पोकळ. खरी मूर्ती किडली होती, ती शहरात संग्रहालयात ठेवलीय. तीन रविवार सांगितलं मी."

"कोणाला?"

"जे येतात त्यांना."

आठांपैकी एकही रविवारी चर्चमध्ये जात नाही. आम्ही संताला वाहतो. ऐकायचं काम बायकांकडे. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, का सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही, ते अजून ठरलेलं नाही.

"पोकळ काही मी नेणार नाही," एर्मेते म्हणाला.

मग चर्चमागच्या ढिगातले दगड आणून मूर्तीच्या पायाशी चौथऱ्यावर रचले. किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. जुनं वजन कोणी तोललेलं नव्हतं. आठ खांदे आठ गोष्टी सांगत होते. एर्मेते दर वेळी उचलून बघायचा आणि म्हणायचा, "अजून एक." सातव्या दगडाला म्हणाला, "आता बरोबर."

पुलाच्या चढावर मी समोर पाहिलं. बुचं चेपली असावीत. त्याचा खांदा आणि दांडा यांच्यामध्ये माझं बोट सहज गेलं असतं. तरी त्याचा सदरा भिजला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पोटऱ्या थरथरत होत्या. मी सगळ्या तऱ्हेचे कामचुकार पाहिलेत. हा तसला घाम नव्हता. पण वजन तर माझ्यावर होतं. मग तो काय वाहत होता?

पलीकडून दारिओनं विचारलं, "टेकलाय का, एर्मेतेदादा?"

त्याला बोलण्याइतका दम नव्हता.

"टेकलाय," मी म्हणालो.

माझा खांदा गुरुवारपर्यंत ठणकत होता.