उशिरा आलेलं बरोबर उत्तर

लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ताई वीस वर्षं एकच काम करत आली होती: संगणकाच्या पडद्यावर खोटी इमारत उभी करायची, तिच्यात खोटी माणसं सोडायची आणि कुठे किती खोळंबा होतो ते बघायचं. मूळची भारी चौकस. घरचं घड्याळ बंद पडलं तरी आधी उघडून बघणार.

त्या वर्षी साहेबांनी बाहेरून एक सॉल्व्हर आणला. कुणासाठी कुठली लिफ्ट धाडली तर सगळ्यात कमी ताटकळावं लागेल, हे शोधून देणारा प्रोग्रॅम. तो ताईच्या सिम्युलेशनला, म्हणजे त्या खोट्या इमारतीला जोडायचा, आणि सगळं खऱ्या घड्याळाच्या वेगाने चालवायचं. जोडला मात्र, पडद्यावरच्या सहाही लिफ्टना जणू खूळ लागलं. माणसं दाराशी उभी आणि लिफ्ट त्यांच्या नाकासमोरून सुसाट वर!

"सॉल्व्हरच भिकार आहे," साहेब वैतागले. "परत करून टाकू."

"थांबा हो. एकेक उत्तर तपासलंय मी. सगळी बरोबर आहेत."

"मग लिफ्ट चुकतात कशा?"

"तेच तर बघायचंय!"

रविवारी सकाळीही डोक्यात तेच. वडिलांना कमी ऐकू येई. शब्द जुळवायला त्यांना अंमळ वेळ लागे. तिने विचारलं, "बाबा, चहा आणखी किती देऊ?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे, "डॉक्टरांकडे कधी जायचं?"

"अर्धा कप," बाबा म्हणाले.

ती खो खो हसली, आणि हसता हसता तिला एकदम लिफ्ट आठवल्या. उत्तर चोख होतं. प्रश्न मात्र मागचा होता.

सोमवारी तिने सॉल्व्हरला गेलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे आणि आलेल्या उत्तरापुढे नेमकी वेळ नोंदवली. चोर सापडला. सॉल्व्हर विचाराला दोन सेकंद घेई. तेवढ्यात लिफ्ट मजला ओलांडून गेलेली असे. मग तिने दोन सेकंदांनी कुठली लिफ्ट कुठे असेल ते सिम्युलेशनकडूनच आधी काढून घेतलं आणि सॉल्व्हरपुढे तेच ठेवलं. तेवढ्या वेळात उत्तर आलं नाही, तर आधीचा बेत चालू.

दुपारी साहेब खुर्ची ओढून बसले. पडद्यावर अकराव्या मजल्याशी सात जण जमले. चौथी लिफ्ट हळू झाली, थांबली, दार उघडलं.

"जमलं की!" साहेब खूश. "बरं, इमारत साठ मजल्यांची केली तर दोन सेकंद पुरतील?"

"काही सांगता येत नाही," ताई म्हणाली. तिचे डोळे लकाकले, आणि तिने मजल्यांचा आकडा बदलायला घेतला.