धोंड्यातला ळ

जेवण झालं की सुनेत्राला कामाच्या टेबलावरच डुलकी लागते. समोर संगणकावर ‘धोंडा’ उघडा आहे. तिच्या नवऱ्याने, अच्युतने आखायला घेतलेला हा अक्षरांचा टाइप. गोल आणि सरळ रेघ, बाकी काही नाही. इतका जाड की धावत्या गाडीतूनही पाटी वाचता यावी. सगळी अक्षरं झाली. ळचं डावं वेटोळं काढलं आणि अच्युत गेला. उजवं आपण काढलं तर टाइप त्याचा राहणार नाही, या भीतीने तिने वर्षभर तेच डावं वेटोळं उचलून उजवीकडे ठेवून पाहिलंय. तो ळ काही केल्या बसत नाही. डोळे जड होतात.

संगणकाची घरघर एसटीची होते. मिरजेच्या स्टँडवर सगळ्या पाट्या धोंड्यात आहेत. सांगली. जत. ‘कवठेमहांका’पुढे मात्र ळची जागा रिकामी आहे, आणि एक म्हातारी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचतेय. शिडीवर अच्युत बसलाय, चष्मा कपाळावर चढवून.

“किती वाट बघायला लावतेस गं! धर ते टोक.”

निळीत बुडवलेली दोरी तो खाली सोडतो. कॉलेजात असताना दोघं पाट्या रंगवायचे, तेव्हा शिरोरेघेसाठी अशीच दोरी ताणायचे.

“तू गेलायस, अच्युत.”

“म्हणून तर बोलावलं. एका टोकाने रेघ मारता येते का कधी?”

ती दोरी ताणते, अंगठ्याने ओढून सोडते. भिंतीवर निळी रेघ उमटते. भिंत दवाखान्याची आहे. शिडीच्या जागी खाट, आणि चादरीवर त्याचं बोट एकच वेटोळं पुन्हा पुन्हा काढतंय. शेवटच्या दिवशी काढत होतं तसंच.

“हे बघ,” ती कागद पुढे करते. “दोन्ही वेटोळी तुझीच घेतली.”

तो हसतो. “हा ळ नाही, माझा चष्मा आहे. मापाने सारखी केलीस म्हणून उजवं बारकं दिसतंय. कंपास ठेव खाली. डोळ्याने काढ.”

“मग तो तुझा राहणार नाही.”

“माझ्या एकट्याचा होता कधी?” तो चष्मा डोळ्यांवर घेतो. “काढ गं. स्टँडवर ती म्हातारी गाडीसाठी खोळंबलीय.”

“थांब ना जरा.”

गाडी निघते. घरघर पुन्हा संगणकाची होते.

खिडकीत चारचं ऊन आहे. आखणीची दोरी माळ्यावरच्या पेटीत आहे, पेटीच्या सुतळीची गाठ तशीच. सुनेत्रा डोळे पुसते. मग उजवं वेटोळं खोडते आणि मापाकडे न बघता नवं काढते, थोडं भरलेलं, खाली किंचित उतरलेलं. मागे सरकून लांबून बघते. ळ बसलाय.

ती जतन करण्यासाठी बटण दाबते. पांढऱ्या बटणावर तिच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटतो.