टॉवेल-टोपीचे एकसारखे फोटो

नव्या संगणकाचं मला भारी कौतुक होतं. कॅमेऱ्याचं कार्ड घातलं की तो फोटो आपणच उतरवून घ्यायचा, तारखेप्रमाणे लावायचा, एकसारखे दिसणारे काढून टाकायचा आणि कार्डही कोरं करून द्यायचा. जळगावात फोटोचं दुकान चालवणाऱ्याला आणखी काय हवं? इतका समजूतदार जावईसुद्धा नशिबाने मिळतो.

बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढले. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपीचा मान असतो. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, की पुढचा पाहुणा. या लग्नात सगळ्यांचं लक्ष होतं नशिराबादच्या फुवांकडे, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांकडे. मागे एका लग्नात त्यांना टोपी उशिरा मिळाली होती. तेव्हापासून त्यांनी आमच्या घरचं पाणी सोडलं आणि आत्याचं माहेर बंद झालं. या वेळी वडिलांनी पहिला मान त्यांना दिला. फुवांनी टोपी घेतली. आत्याने मांडवातच डोळे पुसले.

संगणकाने मात्र सगळ्या पाहुण्यांना एकाच मापाने मोजलं. तीच पांढरी टोपी, तोच टॉवेल, मागे तोच पडदा. एकच फोटो पुन्हा पुन्हा आलाय असं ठरवून त्याने सगळ्यांत चांगला तेवढा ठेवला आणि बाकीचे पुसून टाकले. तो होता वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरचा. हसत होता तो एकटाच.

माझं डोकंच फिरलं. स्क्रीनचा रंग कोणता हवा, हे हा गृहस्थ मला दहादा विचारतो आणि माणसं फेकून देताना तोंड उघडत नाही! अरे, तू हमाल आहेस. पोती उतरव, नीट रचून ठेव, कोणतं टाकायचं ते मालकाला विचार. असली यंत्रं बनवणाऱ्यांना धुळ्या-जळगावच्या मांडवात एकदा तासभर बसवलं पाहिजे.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. "तुना फुवा इचारी ऱ्हायनात, मना फोटो कोठे शे?" तिचा आवाज घाबरलेला होता.

मी वडिलांना सांगितलं. त्यांनी नवी टॉवेल-टोपी घेतली आणि मला कॅमेऱ्यासकट नशिराबादला नेलं. त्या भांडणानंतर त्या घराची पायरी ते पहिल्यांदाच चढत होते.

"दाजी, तुमना फोटो गया," ते फुवांना म्हणाले. "मान परत ल्या."

फुवा उठून उभे राहिले. वडिलांनी टोपी घातली, टॉवेल दिला. मी कॅमेरा उचलला, तर फुवांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे. टोपी ते बठ्ठासले भेटस, डायवरले बी. तुना बाप मना घर उना, आते फोटो कसाले?" मग आत वळून आत्याला म्हणाले, "पिशवी भर. भाऊसंगे माहेर जाई ये."

आत्या आत गेली आणि लगेच बाहेर आली. पिशवी तिने लग्नाच्या दिवसापासून भरून ठेवली होती.