मांजरसुंब्याहून पिवळ्या ठिपक्यामागं

२०२३ साल, आणि मी अडुसष्ट वर्षांचा. सीताफळाच्या पाट्या (टोपल्या) भरून पाटोद्याहून अंबाजोगाईच्या बाजाराला निघालो. टेम्पो मीच चालवतो. बैलजोडी विकून घेतलाय, घर त्याच्यावरच चालतं.

पवनचक्क्यांचा माळ मागं टाकून मांजरसुंब्याला ढाब्यावर उतरलो. गाड्या मागंपुढं कराव्या लागतात, म्हणून चावी आतच ठेवायची तिथली रीत. शेवभाजीत भाकरी कुस्करली, मान वर केली, तर टेम्पो गायब.

पाटोद्याला रफिक मेकॅनिकला फोन लावला. गाडी कुठं आहे ते दाखवणारी डबी त्यानंच बसवली होती.

"मामा, मोबाइलवर तुमच्या गाडीचा हिरवा ठिपका केजच्या रोडनं चाललाय. निघा."

ढाब्याचे मालक बाबुराव यांनी मला मोटारसायकलवर मागं घेतलं. नेकनूरच्या पुढं रफिकचा पुन्हा फोन.

"ठिपका पिवळा झाला. चोरानं अँटेनाची तार उपटली, आता आभाळातल्या उपग्रहाची खूण येत न्हाई. डबी चाकाचे फेरे आन वळणं मोजून अंदाज सांगती. डावीकडं वळून थांबलीय बघा."

त्यानं सांगितल्या जागी डावीकडं रस्ताच नव्हता. नुसती तूर.

"घाला तुमची डबी चुलीत," बाबुराव म्हणाले.

मी बांधावर बसलो. फोन अजून कानालाच होता.

"मामा, टायर बदलले का?" रफिकनं विचारलं.

"बदलले. थोराड टाकले. चिखलात गाडी रुतत होती."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"टायर माझे हायत. तुला कावून सांगू?"

"अवो, थोराड चाक एका फेऱ्यात जास्त पळतं. डबीला बारकं चाकच म्हाईत हाय!"

मी ताडकन उठलो. "म्हंजे गाडी हितून पुढं हाय. बाबुराव, पुढचं डावं वळण धरा."

बाबुराव लई कुरकुरले, पण गेले. वळणाच्या आत पत्र्याचं शेड, शेडात माझा टेम्पो, आणि एकजण नंबरपाटी खोलत बसलेला. मी असा ओरडलो की तो पाना टाकून ज्वारीत पळाला.

पोलिसांना सगळं दाखवून अंबाजोगाई गाठली. एकही सीताफळ फुटलं नव्हतं. बाजारात विचारेल त्याला सांगितलं, अडुसष्टाव्या वर्षी चोराच्या हातून गाडी आणली. फिरून आल्यावर एवढं कळलं, की आभाळाची खूण तुटली तरी चाक खोटं बोलत नाही. चाक केवढं ते मात्र आपण खरं सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, रफिकच्या दुकानापुढं टेम्पो उभा केला. "मोज," म्हणालो, आणि टेपाचं एक टोक मीच धरलं.