काचेचा तुडूम

पीएच.डी.ची शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपत होती आणि माझ्याकडे दाखवण्याजोगी एकही काचनळी नव्हती. नळीच्या गोल अंगावर झिंक ऑक्साइडचा पातळ, सारखा थर द्यायचा, तोही कमी खर्चात, हा माझा विषय. ‘कमी खर्चात’ हे मी ऐटीत लिहिलं होतं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात जास्त खर्चाची सोयच नव्हती, ते झाकायला.

सपाट काच सोपी. जुन्या मिक्सरच्या मोटरवर चिकटवायची, द्रावणाचे थेंब टाकून गरकन फिरवायची, थर पसरतो. त्याच हुशारीने मी नळी फिरवली. ती उडून भिंतीवर फुटली. मग नळी द्रावणात बुडवून हळूहळू वर ओढू लागलो. मोटरने ओढली तर मोटर थरथरायची, हाताने ओढली तर मी. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक नळीवर पट्टे.

“जंगलात वाघ कमी पडले का, सर?” प्रयोगशाळेचे परिचर भाऊ म्हणाले.

भाऊ सावली तालुक्यातले, तलावात मासे धरणाऱ्या घरातले. तीन आठवडे माझी सर्कस बघून एका दुपारी ते स्टूल ओढून बसले.

“काचेले काऊन ओढून राह्यले? तिले राहू द्या जागेवर. पाणीच उतरवा ना. तुडूम उघडला का तलाव कसा उतरते? पाळ हालते का?”

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं तोंड. अठरा वर्षं फिजिक्स शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला. काचनळी बरणीत टांगली आणि सेट बरणीच्या तळाला जोडला, म्हणजे सेटच्या चाकाने भोवतालचं द्रावण बारीक धारेत खाली सोडता येईल. पण बरणी मी स्वच्छतेच्या नादात धुतली होती आणि ओलीच वापरली. पाणी लागताच द्रावण पांढरंफटक.

“दही लावलं का, सर?”

दुसऱ्या दिवशी बरणी कोरडी होती. एक थर पुरत नाही, म्हणून बुडवा, उतरवा, भाजा, असं आठ वेळा. शेवटी नळी खिडकीत धरली. वरून खालपर्यंत एकच फिकट झाक. आनंद व्हायला हवा होता. पाय तेवढे दुखत होते.

मार्गदर्शकांना फोन केला. “छान. आणखी दोन काढा, म्हणजे योगायोग नाही हे कळेल.”

काढल्या. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध गेला. भाऊंना म्हटलं, तुमचे आभार मानलेत त्यात.

“आभार राहू द्या. पहिले टेबलाखालच्या काचा उचला. पायात जाते.”

मी झाडू घेतला.