फळ्यासमोरचा हात

"हात पुढे करा, काका."

मी केला. सरांनी मनगट धरलं. बाजारात दुधी उचलून बघतात, तसं. उलटा केला, सुलटा केला. मग दुसऱ्या बाकावरचा एक गोरा पोरगा पुढे बोलावला आणि त्याचा हात माझ्या हाताला चिकटवून धरला. मागे फळा. फळ्यावर इंग्रजी अक्षरं, मोठी आणि बारकी.

"हे बघा जिवंत उदाहरण. सहाच्या सहा कॅपिटल. याच्यापुढे काळं नाही."

वर्ग हसला. मीही हसलो. मला वाटलं, सर स्वतः हात धरतायत म्हणजे काहीतरी मानाचं असणार.

"घाबरू नका काका, इंजेक्शन नाही देत."

परत हशा. मग सर पोरांकडे वळले. मनगट सोडलं नाही.

"आता समजा, यांचं लग्न अशाच सहा कॅपिटलवाल्या बाईशी झालं. मुलं कशी?"

"काळीऽऽ!"

"आणि मुलांनाही जोडीदार तसेच मिळाले. नातवंडं?"

"काळीच!"

"करेक्ट. लिहून घ्या. परीक्षेत येतं."

माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ती कशी होती ते त्या वर्गाने ठरवून टाकलं, न बघता. आणि नातवंडं कशी, ते बघायला त्यांना लांब जायची गरज नव्हती. चौथ्या बाकावर, खिडकीकडे, माझी नात बसली होती. मान खाली. पेन चालू.

सानिका. माझ्या मुलीची मुलगी, राहते माझ्याकडेच. आडनाव वेगळं, म्हणून कोणाला पत्ता नाही. मालाडच्या त्या ज्युनियर कॉलेजात ती बारावी सायन्सला, आणि मी बायोलॉजीच्या लॅबमध्ये शिपाई. ट्रे लावायचे, काचा धुवायच्या, सूक्ष्मदर्शकं कपाटातून काढायची, परत ठेवायची. कंत्राटावर. तिला प्रवेश मिळाला तो तिच्या मार्कांवर. पण माणसांची तोंडं मला माहीत आहेत. शिपायाच्या वशिल्याने आली, असं कोणी म्हटलेलं मला खपलं नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी तिला बजावलं होतं.

"गेटच्या आत तू मला ओळखायचं नाही. मी तुला ओळखणार नाही."

"असं कसं आबा?"

"असंच. समजलं ना?"

तिने पाळलं. जोगेश्वरीहून आम्ही एकाच बसने यायचो आणि कॉलेजच्या कोपऱ्यावर वेगळे व्हायचो. ती पुढे, मी मागून. लॅबमध्ये तिच्या पुढ्यात ट्रे ठेवताना मी दुसरीकडे बघायचो. ती म्हणायची, "थँक्यू काका." इतर पोरं तेवढंही म्हणत नसत.

मी तिसरी शिकलो. रत्नागिरीकडच्या गावात, शाळेच्या ओसरीवर. ओसरीवर का, ते आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. मुंबईत आलो तो मुलुंडच्या मिठागरावर. डोक्यावर ऊन, खाली मीठ, आणि मिठावरून परत वर येणारं ऊन. त्या कामात माणूस दोन्हीकडून भाजतो. पुढे मिठागर सुटलं, म्हातारपणी ही नोकरी मिळाली. कोणाच्या उपकारावर जगलो नाही. हे लिहितोय तेही मीच. सानिकाने ऱ्हस्व-दीर्घ बघितलंय. एकही शब्द बदलायचा नाही, असं सांगून ठेवलंय.

त्या संध्याकाळी ती घरी आली. जेवली, ताट घासलं, माझ्याकडे पाठ करून पुस्तक घेऊन बसली. माझ्या मनात आलं, पोरीला माझी लाज वाटली. मग वाटलं, माझी नाही, स्वतःची वाटली. दोन्हीतलं कुठलं वाईट, ते मला ठरवता येईना. शेवटी विचारलं.

"सकाळी मान खाली घालून काय लिहीत होतीस गो?"

"सर सांगत होते ते."

"ते कॅपिटल काय आहे?"

तिने वही उघडली. म्हणाली, रंग ठरवणाऱ्या जनुकांच्या जोड्या असतात, पुस्तकात तीन धरल्यात. कॅपिटल अक्षर रंग जास्त बनवतं, बारकं कमी. सगळी सहा कॅपिटल असली की सगळ्यात सावळा. सहा बारकी, की सगळ्यात गोरा. बाकी माणसं मधली.

"म्हणजे मोठी अक्षरं माझी, आणि हसले मलाच?"

"आबा, मोठं अक्षर म्हणजे वरचं माणूस असं नसतं. बारकं म्हणजे खालचं असंही नसतं. पुस्तकात तसं कुठे लिहिलेलंच नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"आईशप्पथ नाही."

माझा विश्वास बसला नाही. तिच्याकडून पुस्तक घेतलं. इंग्रजी. मला काय कळणार? पण त्या पानावरचं एक एक वाक्य तिला मराठीत सांगायला लावलं. ती वैतागली. मी सोडलं नाही. खरंच, पानावर हसण्यासारखं काही नव्हतं. चांगलं-वाईट नव्हतं. कोणाचा हातही नव्हता. हात सरांनी आणला होता.

मग तिने माझी बाही वर सरकवली. दंडावर जिथे बाही संपते, तिथे मिठागरापासूनची रेघ आहे. रेघेच्या वर मी कितीतरी उजळ आहे.

"हे बघा. खालचं सगळं उन्हाचं आहे. ऊन अक्षरांत धरत नाहीत. सरांचं उदाहरणच चुकलंय! पुढच्या वेळी बाही वर करून दाखवा ना. सगळे गप्प बसतील."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सकाळी आंघोळीला गेल्यावर तो दंड मी बघत बसलो. वाटलं, दाखवीनच.

कॉलेजात तोवर माझं नाव बदललं होतं. जिन्यावर पोरं हाक मारायची, "ओ सिक्स कॅपिटल, लॅब उघडी है क्या?" एकाने फोनवर फोटो काढलेला. माझा आणि त्या गोऱ्या पोराचा हात. खाली काहीतरी लिहून सगळीकडे पाठवलेला. ते काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. सानिकाच्या फोनवरही तो आला असणार. तिने सांगितलं नाही. मी तेही विचारलं नाही.

आणि सर एकदम गोड झाले. "काका, चहा घेतलात का?" एरवी कपबशी उचलायला सांगणारा माणूस. मला गोड बोलणाऱ्याचा आधी संशय येतो. मी त्यांच्याकडे नीट बघायला लागलो. तेव्हा दिसलं की सर बारा महिने पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. मनगटापर्यंत बटण. मे महिन्यातसुद्धा. उदाहरणाला हात हवा होता, तर स्वतःचा का नाही काढला?

चहा देताना त्यांनी विचारलं, "काका, मूळचे कुठले तुम्ही?"

"रत्नागिरीकडचा."

"नाही, ते झालं. पण म्हणजे... कोण?"

कोण म्हणजे काय, ते मला कळतं. हा प्रश्न ओळखायला तिसरीसुद्धा लागत नाही. चहा मी तसाच ठेवला. सर म्हणाले, "राहू दे, सहज विचारलं. तेवढं रिव्हिजनच्या लेक्चरला या हं. दोन्ही तुकड्या एकत्र आहेत. तुमचं उदाहरण पोरांच्या डोक्यात फिट्ट बसतं."

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी दंडाचा विचार करत होतो आणि एकदम मला स्वतःचा राग आला. बाही वर करून मी काय सांगणार होतो? की बघा, मी इतका काळा नाही? म्हणजे काळं असणं हा आरोप आहे, आणि मी त्यातून सुटायला पुरावा दाखवतोय? आणि सानिका? तिने कुठल्या मिठागरात ऊन खाल्लं? तिला दाखवायला कुठली रेघ आहे? मी माझा दंड दाखवून सुटलो असतो आणि पोरीला तिथेच टाकून आलो असतो. ओसरीवर.

घरी सांगितलं, "मी हात देणार नाही. बाहीही वर करणार नाही."

ती घाबरली. "आबा, प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात आहेत. मला नर्सिंगला जायचंय. यंदा नका ना काही करू."

"तुझा माझा संबंध कोणाला माहीत आहे?"

"नाही. पण कळलं तर?"

मी उठून युनिफॉर्मची घडी घातली.

लेक्चरला हॉल भरलेला. मी ट्रे घेऊन गेलो, टेबलावर ठेवला. फळ्यावर तीच अक्षरं. मागून कोणीतरी "सिक्स कॅपिटल!" ओरडलं. सर हसले.

"या काका. हात."

"नाही."

"अहो, दोन मिनिटं."

"नाही म्हटलं ना."

सर पोरांकडे बघून म्हणाले, "काकांचा मूड नाही आज." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "विज्ञान आहे हे. यात अपमान कसला?"

"अपमान नसेल तर तुमचा हात करा पुढे."

"माझा मधला रंग. उदाहरणाला चालत नाही."

पोरं हसली. मी थांबलो. हसणं संपेपर्यंत थांबलो.

"हा हात ट्रे उचलतो. काचा धुतो. तेवढ्यासाठी तो इथे येतो. दाखवायला येत नाही."

मी वळलो. दारापर्यंत आलो असेन. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

"सर, ते माझे आजोबा आहेत."

मला आधी राग आला. हे ठरलं नव्हतं. मी तिथूनच ओरडलो, "खाली बस!"

ती बसली नाही. "मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, नातवंडं कशी. मी चौथ्या बाकावर होते. मलाच विचारायचं होतं ना."

तो गोरा पोरगा आपल्या हाताकडे बघत होता. सरांनी डस्टर उचललं आणि फळा पुसला, अर्धवट.

दुपारी सुपरवायझर बाईंनी बोलावलं. "काका, तुमच्या नातीचं वर्ष आहे. सॉरी म्हणा, विषय मिटवा."

"कोणाला सॉरी?"

त्यांनी पंखा वाढवला.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये सरांनी गाठलं. खांद्यावर हात ठेवला. "काय काका तुम्ही. मुलगी तुमची आहे हे आधी सांगायचं ना! आपण तिला सांभाळून घेतलं असतं."

म्हणजे ती दुसऱ्या कोणाची असती तर चाललं असतं. 'चुकलो' असं तो म्हणाला नाही. गिऱ्हाईक ओळखलं नाही, एवढंच म्हणाला. मी त्याचा हात खांद्यावरून काढून खाली ठेवला.

प्रॅक्टिकल अजून व्हायचंय. सर सानिकाशी आता फार गोड वागतात. तिला वाटतं, झालं गेलं. मला वाटत नाही. मिठागरावर पाणी शांत दिसतं तेव्हा खाली मीठ धरत असतं.

कॉलेजच्या कोपऱ्यावर आम्ही आता वेगळे होत नाही. गेटमधून एकत्र आत जातो. ती मला सगळ्यांसमोर आबा म्हणते. प्रॅक्टिकलच्या दिवशी ट्रे मीच लावणार, आणि मग दारात उभा राहणार. तिचे मार्क कापले तर का, ते विचारणार. उत्तर नाही मिळालं तर परत विचारणार. कामावरून काढलं तर गेटच्या बाहेर उभा राहून विचारणार. कंत्राट त्यांचं आहे. तोंड माझं आहे.

आणि माझं मनगट पुन्हा कोणाला धरायचंच असेल, तर त्याने आधी स्वतःच्या बाहीचं बटण सोडायचं.