आत्याबाईंची थुंकी आणि आजीचं माहेर

आमच्या घरात आजीचं माहेर हरवलं होतं. घरात चष्मा हरवतो, किल्ल्या हरवतात, तसंच हे; फरक एवढाच की किल्ल्या आठवड्याभरात फ्रिजवर सापडतात.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई, सरस्वतीबाई. वडील आणि आत्याबाई अगदी लहान असताना ती गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, तिच्या माहेरच्यांचं येणं-जाणं तुटलं, आणि माहेर कोणतं हे सांगू शकणारी माणसंही एकेक करून गेली. उरल्या त्या आत्याबाई. वय ब्याऐंशी, मुक्काम खाप्यातलं आमचं जुनं घर, तोंडात कायम खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा नागपूरकडचा मुख्य आहार). गेल्या दिवाळीला मी भेटायला गेलो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "गज्या, साऱ्याइले मामाचं गाव असते गा. मलेच नाही. मराच्या आधी एकदा मामाच्या घरचं पानी पेली असती मी."

मला गलबलून आलं. मला गलबलून आलं की मी घोषणा करतो.

"आत्याबाई, पुढच्या दिवाळीच्या आत तुमच्या मामाचं घर शोधून देतो!"

मी गणिताचा निवृत्त मास्तर. उत्तर आल्याशिवाय वही मिटायची नाही, हे मी पोरांना आयुष्यभर शिकवलं. त्याच दिवशी नवी वही काढली आणि आत्याबाईंच्या माळ्यावर चढलो. आमच्याकडे भांड्यांवर नाव कोरायची पद्धत, त्यामुळे पुरावा असलाच तर तिथेच असणार. 'सौ. सरस्वतीबाई' कोरलेली परात सापडली. शेजारी पाण्याचा एक मोठा पितळी गुंड होता, त्यावर मात्र 'चंद्रभागा' असं नाव. कुठल्या तरी लग्नात अदलाबदल होऊन आलेला हा शेजारणीचा गुंड, हे माझ्या तल्लख बुद्धीने तात्काळ ओळखलं. वहीत नोंद केली : 'गुंड परक्याचा. मालक शोधून परत करणे.' (मी वृत्तीनेच प्रामाणिक आहे.)

मग कोतवाल बुकं धरली. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा, ती ही बुकं. काही सावनेरच्या कचेरीत पाहिली, काहींची पानं इंटरनेटवर सापडली. नागपुरात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलचं माझं अभिलेखागार झालं आणि आमची जेवणं गॅलरीत होऊ लागली. बायको, म्हणजे वैशाली, एकदा ताट हातात घेऊन म्हणाली, "अहो, तुम्ही आजी शोधून राहिले, पन इथं बायको उभ्यानं जेवून राहिली."

मी ऐकलं नाही. कारण मला सरस्वत्या सापडत होत्या! एक नाही, चांगल्या सात! सातही घरांच्या वारसांचे पत्ते मी मिळवले आणि थेट दारात जाऊन उभा राहिलो.

"नमस्कार. तुमच्या पणजोबांना सरस्वती नावाची मुलगी होती का हो? मी बहुधा तिचा नातू."

माझी अपेक्षा अशी की समोरचा माणूस गहिवरेल. पण आपल्याकडे अनोळखी माणूस वंशावळीची वही घेऊन दारात आला, तर त्याचा अर्थ एकच होतो. पहिल्याच घरातून आवाज आला, "आई वं, वावरात हिस्सा मांगाले आला कोनी!" दुसऱ्या घरी मला चहाऐवजी वकिलाचं नाव मिळालं. तिसऱ्या घरच्यांनी कुत्रं सोडलं. ते प्रेमळ निघालं, माझ्यासोबत बसस्टॉपपर्यंत आलं. एवढी माया मला त्या सात घरांत दुसऱ्या कोणी दाखवली नाही.

सातही सरस्वत्या खोट्या ठरल्यावर मी विज्ञानाकडे वळलो. हल्ली नळीत थुंकी भरून पाठवली की कंपनी डीएनए तपासते आणि आपले नातेवाईक कोण ते सांगते. मी कीट मागवलं आणि खाप्याला गेलो.

"आत्याबाई, या नळीत थुंका."

"कोनावर रागावला गा तू?"

"रागावलो नाही. तपासणी आहे. त्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. खर्रासुद्धा नाही!"

"खर्रा काई खाची चीज हाय का? तो त तोंडात ठेवाची चीज हाय."

पहिली नळी तपकिरी भरली. कंपनीने नम्रपणे कळवलं की हा नमुना मानवी असल्याची खात्री देता येत नाही. दुसऱ्या वेळी मी घड्याळ घेऊन समोर बसलो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला आत्याबाई देवाला हात जोडून येतो म्हणून आत गेल्या आणि उजवा गाल फुगवून बाहेर आल्या. देवामागे पन्नी होती! तिसऱ्या वेळी मी आधी घराची झडती घेतली, देवामागच्या, उशीखालच्या, पिठाच्या डब्यातल्या अशा नऊ पन्न्या जप्त करून खिशात घातल्या आणि स्वच्छ थुंकी मिळवली. त्या विजयाच्या धुंदीत पन्न्या खिशातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला घेताना त्या बायकोला मिळाल्या.

"जन्मभर पोराइले तंबाखू खाऊ नका म्हनून शिकवलं, अन् आता हे धंदे?"

"अगं, त्या आत्याबाईंच्या आहेत!"

"ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचं नाव घेऊन राहिले? लाज वाटू द्या!"

त्यानंतर दोन महिने बाहेरून आलो की मला दारातच जीभ दाखवावी लागत असे. पण मी मागे हटलो नाही.

अखेर निकाल आला. आत्याबाईंचा एक जवळचा रक्ताचा नातेवाईक कंपनीच्या यादीत होता! नाव दिलेलं नव्हतं, फक्त 'पी. के.' एवढी अक्षरं. मी तीन वेळा कच्चं लिहून, मग पक्कं करून, खाली पूर्ण नाव घालून निरोप पाठवला : 'आदरणीय महोदय, आपण व आम्ही एकाच रक्ताचे आहोत. कृपया आपली ओळख द्यावी. जमिनीत हिस्सा नको.'

दहा मिनिटांत उत्तर आलं : 'मावसाजी, मी पिंट्या!'

पिंट्या म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पुण्यात नोकरीला. आपलं टक्कल कोणाकडून आलं हे शोधायला त्याने ही तपासणी केली होती. मी हादरलो. माझ्या आत्याबाई आणि माझ्या बायकोचा भाचा एकाच रक्ताचे कसे? तसाच उमरेडला सासऱ्यांना फोन लावला. सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण आवाज खणखणीत.

"मामाजी, तुमच्या घरातली कोणी मुलगी पूर्वी खाप्यात दिली होती का?"

"होती ना. माह्या बापाची बहीन. लवकर गेली बिचारी. आमच्या लोकाइनं मंग लय वर्षांनी दोनदा खाप्यात जाऊन तिच्या लेकराइची चौकशी केली. जवायाचं नाव तवा कोनालेच आठवे ना. पन जो तो म्हने, चंद्रभागा नावाची सून आमच्या गावात नाही."

चंद्रभागा! माळ्यावरचा तो पितळी गुंड मला आठवला. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं की माहेरची चंद्रभागा सासरची सरस्वती होते. मी जन्माच्या नोंदींमध्ये सासरचं नाव शोधत होतो, आणि ते लोक सासरच्या गावात माहेरचं नाव विचारत होते. जो गुंड मी परक्याचा म्हणून वहीत लिहिला, तो आजीला माहेराहून मिळालेला होता.

आता खरी अडचण. आत्याबाईंचा मामेभाऊ म्हणजे साक्षात माझे सासरे, आणि माझ्या लग्नात आत्याबाईंच्या पंगतीत बुंदी संपली, तेव्हापासून चौतीस वर्षं त्या सासऱ्यांशी बोलत नव्हत्या! त्यांचा उल्लेख त्या फक्त 'तो बुंदीवाला' असा करत. मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी आधी खर्र्याची पन्नी कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "गाडी बोलाव."

उमरेडला सासरे दारातच उभे होते. हातात पाण्याचा तांब्या, शेजारी स्टुलावर पातेलंभर बुंदी. आत्याबाईंनी आधी पातेल्यात डोकावून पाहिलं, मग तोंडातला खर्रा थुंकून चूळ भरली (एवढ्यासाठी मला तीन कीटं लागली होती!) आणि घटाघटा पाणी प्याल्या.

"दादा, माही माय दिसे कशी?"

"तुह्यासारखीच. लय हट्टी," सासरे म्हणाले, आणि दोघंही रडायला लागली. मीही रडलो. खोटं कशाला सांगू!

घरी आलो तो भारावूनच. बायकोला समोर बसवलं आणि घोषणा केली, "आपल्या घरातली एकही बाई यापुढे हरवणार नाही! वंशावळीत प्रत्येक सुनेची दोन्ही नावं लिहिणार, सासरचं आणि माहेरचं. सुरुवात तुझ्यापासून."

"लिहा ना," ती म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'वैशाली'. हे नाव मीच तांदळात लिहिलं होतं. पुढे लिहिलं, 'माहेरचं नाव'. आणि पेन थांबलं. थोरली म्हणून माहेरी तिला बापापासून पिंट्यापर्यंत सगळे नुसतं 'ताई' म्हणतात, ही माझ्या बाजूची एकमेव सबब. लग्नपत्रिकेत तर होतं! क पासून काहीतरी होतं. का म पासून?

"हं, लिहा," ती म्हणाली. "चौतीस वर्षं झाली. लिहा!"

सध्या मी पुन्हा टेबलावर आहे. यावेळी उमरेडची कोतवाल बुकं काढली आहेत, आणि गॅलरीत एकटाच जेवतो आहे.